बिबट्या, कुत्री आणि उसाचा फड

दिवाळी आटोपली की कादवा कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो आणि दिंडोरी तालुक्यात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. फड एका बाजूने कापला जातो, उभा ऊस तासातासाने आखडत जातो. शेवटच्या काही सऱ्या उरल्या की जाणता मुकादम कोयते जरा थांबवायला सांगतो. तिथेच पाचटाच्या गादीवर बिबट्याची दोन-तीन पिल्ले सापडण्याची शक्यता असते. सापडली तर वनखात्याला फोन जातो. वनरक्षक येतात, पिल्ले तपासून एका क्रेटमध्ये ठेवतात आणि संध्याकाळी क्रेट त्याच जागी नेऊन ठेवतात. लांबवर कॅमेरा लावलेला असतो. अंधार पडला की मादी येते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. ती जंगलाकडे जात नाही. शेजारच्या, अजून न तोडलेल्या फडात जाते.

ती पिल्ले उसात जन्मली, आणि बहुधा त्यांची आईही उसातच जन्मली असेल. ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा असतो. मादी बिबट्याचा गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा, आणि पिल्ले आईसोबत राहतात वर्ष-दीड वर्ष. पाणी जवळ, सावली दाट, माणसाचा वावर कमी, वस्तीवर शेळ्या, कोंबड्या आणि कुत्री. अशा ठिकाणाला जनावर आपले घर म्हणणार यात नवल काही नाही.

तरीही बिबट्या दिसला की ‘जंगलातून भरकटून आला’ अशीच बातमी होते आणि ‘पकडून जंगलात सोडा’ अशीच मागणी होते. दिंडोरीत हे जंगल आहे तरी कुठे? तालुक्यात राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्यही नाही. पश्चिमेला पेठच्या बाजूचे डोंगर, उत्तरेला सातमाळ्याची रांग, आणि मधल्या सपाटीवर वाघाड, करंजवण, पालखेड, ओझरखेड, पुणेगाव, तीसगाव या धरणांच्या पाण्यावर पिकलेला ऊस, द्राक्ष, टोमॅटो. दक्षिणेला रामशेज किल्ल्याशेजारी बोरगड आहे. २००८ मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले, राज्यातले अशा प्रकारचे पहिले. त्याचा आकार जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आणि गावकऱ्यांनी तिथले रान जपले, पण एका मादी बिबट्यालासुद्धा सहसा याहून मोठा टापू लागतो. चहूबाजूंनी शेतीने वेढलेले हे एक लहानसे बेट आहे, आणि बेटावर सगळे बिबटे मावणार नाहीत.

खऱ्याखुऱ्या बेटाचे उदाहरण हवे असेल तर श्रीलंकेकडे पाहता येते. तिथे वाघ नाही, सिंह नाही; बिबट्या हाच रानातला सर्वांत मोठा शिकारी. याला राष्ट्रीय उद्यानात त्याला पाहायला जगभरचे पर्यटक जातात. पण त्याच बेटाच्या मधल्या डोंगराळ भागात चहाचे मळे आहेत आणि तिथेही, मजुरांच्या वसाहतींना लागून, बिबटे राहतात. माणसांवरचे हल्ले तिथे क्वचितच होतात. बिबटेच मरतात, रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशांत अडकून. २०२० मध्ये तिथला एक दुर्मीळ काळा बिबट्या असाच गेला. उद्यानाची हद्द कागदावर कितीही नीट आखली तरी बिबट्याचा निम्मा संसार हद्दीबाहेर असतो, आणि व्यवस्थापनाची कसोटी तिथेच लागते. दिंडोरीत तर हद्दच नाही. सगळा तालुका हद्दीबाहेरचा.

बिबटे नेमके किती, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारला जातो. २०२२ च्या राष्ट्रीय गणनेत देशात सुमारे १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. पण ती गणना मुख्यतः जंगलांतली होती. उसातले बिबटे त्या आकड्यात धरलेले नाहीत. त्यामुळे ‘सरकारी आकडा एवढाच कसा’ हा गावकऱ्यांचा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही.

पिंजऱ्याने काय साधते?

गेल्या काही वर्षांत दिंडोरी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मेली आहेत, त्यांत लहान मुले आहेत. ज्या घरातले मूल अंगणातून उचलून नेले गेले, त्या घराला सहजीवनाचे धडे देणे हा क्रूरपणा आहे. तिथे पिंजरा लागलाच पाहिजे, आणि माणसावर वारंवार हल्ला करणारे जनावर कायमचे बंदिस्त झाले पाहिजे. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पण माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावराला पकडण्याची, अखेरचा उपाय म्हणून मारण्याचीही तरतूद त्याच कायद्यात आहे.

वेगळा प्रश्न आहे तो ‘दिसला की पकडा आणि लांब सोडा’ या पद्धतीचा. याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रातच होऊन गेला आहे. २००१ नंतर पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागात बिबटे धडाक्याने पकडून सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या जंगलांत सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. पकडण्या-सोडण्याच्या मोहिमेनंतर, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी सतरावर गेली. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले.

याची कारणे समजायला अवघड नाहीत. आपल्या टापूतली प्रत्येक विहीर, प्रत्येक वस्ती, माणसे कोणत्या वेळी कुठे असतात हे बिबट्याला ठाऊक असते आणि त्यामुळे तो माणूस टाळू शकतो. परक्या जागी सोडलेला, पिंजऱ्यात आपटून जखमी आणि बिथरलेला बिबट्या घराच्या ओढीने अनोळखी गावांतून वाट काढतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुतेक वेळा तरुण आणि अननुभवी, नर घेतो. पिंजऱ्यामुळे गावाला चार दिवस शांत झोप लागते. तेवढा उपयोग खरा, पण त्याला उपचार म्हणता येत नाही. ताप आला की पॅरासिटामॉल घ्यावे तसे ते आहे.

बिबट्याची ही घराची ओढ किती असते हे २००९ मध्ये कळले. नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते. शेते, महामार्ग, रेल्वेमार्ग ओलांडत, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. ‘आजोबा’ नावाने तो पुढे चित्रपटातही गेला. प्रत्यक्षात २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला.

सध्या चर्चा आहे ती नसबंदीची. २०२५ मध्ये जुन्नर वनविभागात मोजक्या माद्यांवर गर्भनिरोधक लशीचा प्रयोग करायला केंद्राने परवानगी दिली. प्रयोग जरूर व्हावा. पण गर्भनिरोधक टोचलेली मादीही रोज रात्री शिकारीला बाहेर पडणारच, आणि संख्येत फरक दिसायला वर्षे जातील. जंगलात शेळ्या सोडाव्यात म्हणजे बिबटे तिथे थांबतील, अशीही एक कल्पना राज्यात पुढे आली होती. उसात वाढलेल्या बिबट्याला शेळीचा मागोवा काढायला शिकवण्याची गरज नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल.

ताटात काय आहे?

बिबट्या वस्तीजवळ का येतो याचे उत्तर त्याच्या विष्ठेत सापडते. दिंडोरीसारख्याच अकोले तालुक्याच्या खोऱ्यात हा अभ्यास झाला. तिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, जंगल नावापुरते, आणि शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे. त्यांच्या विष्ठेतील केस-हाडे तपासली तेव्हा आढळले की वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के अन्न पाळीव किंवा गावात राहणाऱ्या प्राण्यांचे होते. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा बराच कमी, कारण शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रे मोकळे.

मग कुत्री कशावर जगतात? वस्तीच्या टोकाला टाकलेले खरकटे, पोल्ट्रीतून बाहेर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या, मटणाच्या दुकानामागचा कचरा, ओढ्यात टाकून दिलेले मेलेले जनावर. दिंडोरी, निफाड पट्ट्यात पोल्ट्रीचे शेड जागोजागी आहेत. मेलेल्या कोंबड्या चुना घालून खोल पुरायच्या असतात हे सगळ्यांना माहीत असते. पण उन्हाळ्यात एका दुपारी डझनावारी पक्षी गेले की खड्डा खणायला माणूस मिळत नाही आणि पोते नाल्यात जाते. त्या पोत्यावर रात्री कुत्री जमतात आणि कुत्र्यांवर बिबट्या.

इथे गिधाडांची गोष्ट आठवते. काही दशकांपूर्वी मेलेले जनावर ओढून गावाबाहेर टाकले की गिधाडे काही तासांत हाडे मोकळी करत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशातली बहुतेक गिधाडे संपली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, २०२३ मध्ये आणखी दोन औषधांवर. बोरगडच्या कड्यांवर आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या बाजूला गिधाडे अजून तग धरून आहेत. बाकी ठिकाणी मढ्यावरची त्यांची जागा कुत्र्यांनी घेतली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे मेली; दूषित पाणी आणि वाढलेली कुत्री, म्हणजेच रेबीज, ही त्यामागची मुख्य कारणे. कड्यावरचा पक्षी मेल्याने वस्तीवरचे मूल मरू शकते हे पटायला वेळ लागतो, पण साखळी सरळ आहे.

याच साखळीचा दुसरा, थोडा चमत्कारिक दुवा मुंबईत सापडतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील सुमारे ३५ बिबटे वर्षाला अंदाजे १,५०० भटकी कुत्री खातात, त्यामुळे कुत्रे चावण्याच्या सुमारे एक हजार घटना आणि रेबीजच्या ९० संभाव्य केसेस टळतात, असा हिशेब २०१८ मध्ये काही संशोधकांनी मांडला. हिशेब अंदाजाचा आहे. तो पुढे करून दिंडोरीतल्या आईबापांना ‘बिबट्या तुमचे रक्षणच करतो’ असे कोणी सांगू नये. मुंबईत उद्यानाच्या कडेला कुत्री मरतात. इथे कुत्र्याच्या मागे लागून बिबट्या थेट ओट्यावर येतो, आणि ओट्यावर मूल खेळत असते. पण एक गोष्ट या हिशेबातून नक्की निघते: कुत्र्यांचा प्रश्न आणि बिबट्याचा प्रश्न हे दोन प्रश्न नाहीत. पंचायतीने कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण केले, कचरा आणि मढी यांची व्यवस्था लावली, तर तो वन्यजीव व्यवस्थापनाचाच कार्यक्रम ठरेल, मग त्याचा खर्च कोणत्याही खात्याच्या नावावर पडो.

कुत्र्यांपासून रानालाही धोका असतोच. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले, त्यामागे प्रामुख्याने कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांत आढळणारा विषाणू होता.

जखम छोटी दिसते तेव्हा

बिबट्या भक्ष्याची मान धरतो. त्यामुळे हल्ल्यातल्या जखमा बहुतेक वेळा मान, चेहरा, डोके आणि खांद्यावर असतात. मुलांत तर हमखास, कारण त्यांची उंचीच तेवढी. या जखमा फसव्या असतात. वरून चार छिद्रे दिसतात, रक्तही फार वाहत नसते. आत मात्र सुळा काही सेंटिमीटर गेलेला असतो. मानेत रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मणके एकमेकांना खेटून असतात. चालत दवाखान्यात आलेला माणूस दोन तासांनी धाप लागून कोसळू शकतो. म्हणून मानेवर दात लागलेला प्रत्येक रुग्ण, कितीही बरा दिसला तरी, गंभीर धरायचा आणि एक्स-रे, सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचवायचा. दिंडोरी आणि वणीला ग्रामीण रुग्णालये आहेत; दिंडोरीहून नाशिकचे जिल्हा रुग्णालय पंचवीस किलोमीटरच्या आसपास. १०८ ची रुग्णवाहिका मागवताना ‘बिबट्याचा हल्ला, मानेला जखम’ असे स्पष्ट सांगितले तर येणारा डॉक्टर तयारीने येतो.

तोवर घरच्यांनी काय करायचे? रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी त्यावर घट्ट दाबून धरायची. मान हलवायची नाही, डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून उचलायचे. खूप रक्तस्राव नसेल तर जखम नळाच्या किंवा तांब्याने ओतलेल्या पाण्याखाली, साध्या साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट, डिझेल, जंगली पाला यांतले काहीही त्यावर जाता कामा नये. धुतलेली जखम कोरी असली की डॉक्टरचे निम्मे काम सोपे होते.

पाणी-साबणाचा हा आग्रह रेबीजसाठी आहे. पिसाळण्याचा रोग कुत्र्याचाच अशी समजूत अजून आहे. प्रत्यक्षात तो कोणत्याही सस्तन प्राण्याला होतो आणि बिबट्यांतही त्याची नोंद आहे. रेबीज झालेला बिबट्या विरळा. पण हल्ला करून पळालेल्या जनावराला दहा दिवस बांधून निरीक्षणाखाली ठेवता येत नाही. म्हणून वन्य प्राण्याचा चावा वा नखाची जखम सरसकट तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीत धरली जाते. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. पायाच्या जखमेपासून ही वाट लांब, चेहरा आणि मानेपासून अगदी जवळची. लक्षणे दिसू लागली की उपचार जवळपास नाहीच.

लस शरीराला लढायला शिकवते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवरचा बंदोबस्त म्हणून तयार प्रतिपिंडे, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, जखमेच्या आत आणि कडांना टोचतात. ग्रामीण भागात चूक इथे होते. दंडावर लस दिली जाते, धनुर्वाताचे इंजेक्शन होते, पण जखमेत टोचायचे हे औषध ‘इथे नाही, नंतर बघू’ म्हणून राहून जाते. पहिल्या लशीनंतर सात दिवस उलटले की त्याचा उपयोग उरत नाही. मान-चेहऱ्याच्या जखमेत तर ते पहिल्याच दिवशी हवे. नातेवाइकांनी दवाखान्यात हा एक प्रश्न जरूर विचारावा: जखमेत टोचायचे औषध दिले का?

दुसरी घाई टाक्यांची. मुलाच्या चेहऱ्यावर व्रण राहू नये म्हणून आईबाप लगेच टाके घाला म्हणतात. पण टाक्यांनी विषाणू आणि जिवाणू आत कोंडले जातात. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. ते चोवीस तासांत जखम सुजवतात. म्हणून आधी जखमेत प्रतिपिंडे, योग्य प्रतिजैविक, आणि टाके शक्यतो नंतर. घालावेच लागले तर सैल.

आणखी एक जखम एक्स-रेत दिसत नाही. हल्ल्यातून वाचलेली मुले अंधाराला, कुत्र्याच्या भुंकण्याला, उसाच्या सळसळीला घाबरतात. रात्री अंथरूण ओले करतात, शाळेत जायला नकार देतात. ज्याच्या डोळ्यांसमोर भावंड नेले गेले त्या मुलाची अवस्था याहून बिकट. ‘दृष्ट काढली, आता बरा होईल’ म्हणून महिने जातात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो, पण अशा मुलाला तिथे नेण्याचे कोणाच्या ध्यानीमनी नसते.

कोणाचे अंगण, कोणाची झोपडी

हल्ले कोणावर होतात हे पाहिले तर बिबट्याचा स्वभाव कळतो आणि समाजाचाही. उभा, चालणारा, बोलणारा प्रौढ माणूस बिबट्याला भक्ष्य वाटत नाही. वाकून निंदणी करणारी बाई, शौचाला उघड्यावर बसलेला म्हातारा, एकटे चालणारे मूल यांची उंची मात्र त्याच्या नेहमीच्या भक्ष्याएवढी भरते. उसाला खेटून, विनादिव्याची, विनासंडासाची झोपडी ज्यांची, त्यांच्या वाट्याला हा धोका सर्वांत जास्त येतो.

दिंडोरीच्या द्राक्षबागा सुरगाणा, पेठ, हरसूल भागातल्या मजुरांच्या हातांवर उभ्या आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, डिपिंग, आणि जानेवारीनंतरचा खुडा. या सगळ्या कामांसाठी टोळ्या येतात, महिनोन् महिने बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली राहतात. आईबाप बागेत, मोठी बहीण धाकट्याला सांभाळत शेडबाहेर. नेमके हेच महिने ऊसतोडणीचे. फड मोकळे होतात आणि बिबटे आडोसा शोधत हिंडतात. द्राक्ष निर्यात करणाऱ्या बागांत फवारणीच्या एकेका थेंबाची नोंद ठेवतात. मजुरांच्या शेडला दार आहे का, रात्री बाहेर दिवा आहे का, संडास किती पावलांवर आहे, याची नोंद त्याच वहीत ठेवायला फार खर्च येणार नाही.

शेतकऱ्याचाही रात्रीचा धोका त्याने मागून घेतलेला नाही. तीन फेजची वीज रात्री असेल तर पाण्याची मोटर रात्रीच सुरू करावी लागते, आणि भरणे द्यायला वाफ्यात वाकलेला माणूस बिबट्याला दिसतो. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्याची सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिचा विचार बिबट्याच्या संदर्भात फारसा होत नाही, व्हायला हवा. विहिरींना कठडे नाहीत, म्हणून कुत्र्याच्या किंवा कोंबडीच्या मागे धावणारे बिबटे त्यांत पडतात. मग काठावर हजार माणसांची जत्रा भरते, मोबाइल उंचावले जातात, आणि वर काढलेले बिथरलेले जनावर त्याच गर्दीत घुसते. अशा वेळी जखमी होणाऱ्यांत वनकर्मचारी आणि बघे दोन्ही असतात. बिबट्या दिसला तर १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवून लांब राहावे, हा सल्ला रटाळ वाटला तरी खरा आहे.

तालुक्याच्या पश्चिमेच्या कोकणा आणि महादेव कोळी पाड्यांत वाघबारसेला वाघदेव पुजतात. दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले असतात. त्या पूजेने हल्ले थांबतात असे नाही. पण त्या पाड्यांत अंधारात एकटे न जाणे, हातात काठी ठेवणे, बोलत-गात चालणे, शेळ्या घरातल्या भिंतीआड बांधणे ही शिस्त पिढ्यान् पिढ्या आहे. खालच्या बागायती गावांत बिबट्या तुलनेने नवा, धरणांचे पाणी आणि ऊस आल्यानंतरचा. तिथे ही शिस्त मुद्दाम शिकवावी लागणार. शाळेतून ती लवकर शिकवली जाते, भाषणातून नव्हे.

भरपाईच्या बाबतीत महाराष्ट्राचा नियम उदार आहे. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात; अपंगत्व आणि गंभीर दुखापतीसाठी वेगळ्या रकमा आहेत. त्यासाठी वनखात्याला तातडीने खबर, पंचनामा आणि दवाखान्याची नीट कागदपत्रे लागतात. सरकारी दवाखान्यात केसपेपरवर ‘प्राण्याचा चावा’ एवढेच लिहिले गेले तर पुढे घोळ होतो. जखम कुठे, किती, कोणत्या प्राण्याने, किती वाजता, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.

बाकी राहतो तो अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस. कातडीत दिल्या जाणाऱ्या रेबीज लशीचे दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. सातव्या दिवसापर्यंत जखम ओली असते, भीती ताजी असते, रुग्ण येतो. अठ्ठाविसाव्या दिवशी टोळी दुसऱ्या बागेवर गेलेली असते, किंवा काम संपून सुरगाण्याच्या आपल्या पाड्यावर परतलेली असते. लशीचे कार्ड दिंडोरीत मिळालेले म्हणून ते तिकडे चालणार नाही, असे मजुराला वाटते. ते कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात चालते. मुकादमाच्या वहीत उचल आणि हजेरीच्या रकान्याशेजारी ती एक तारीख लिहिलेली असली तर डोस चुकत नाही.